पाठ्यपुस्तकातला फोटो आणि मोरीतला फोटो

शालेय पाठ्यपुस्तकांत काही वाक्ये अशी असतात, की ती चूक आहेत असे म्हणता येत नाही आणि बरोबर आहेत असे म्हणायलाही मन धजत नाही. अशा वाक्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. मुले ती पाठ करतात, शिक्षक त्यांवर एका गुणाचा प्रश्न काढतात आणि वर्षामागून वर्षे जातात. अशाच एका वाक्याची तपासणी या लेखात करायची आहे.

एनसीईआरटीचे दहावीचे विज्ञानाचे पुस्तक २००६ साली प्रथम छापले गेले. त्याच्या पहिल्याच धड्यात अपघटन अभिक्रियांची माहिती आहे. चिनी मातीच्या बशीत सुमारे २ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड घेऊन ते उन्हात ठेवावे, असा प्रयोग तिथे दिला आहे. पांढरी पूड करडी होते, कारण प्रकाशामुळे तिचे चांदी आणि क्लोरीन यांत अपघटन होते. सिल्व्हर ब्रोमाइडही असेच वागते, असे सांगून कृष्णधवल छायाचित्रणात या अभिक्रियांचा उपयोग होतो, असा समारोप केलेला आहे. इतर अनेक पाठ्यपुस्तकांत आणि मार्गदर्शकांतही हीच माहिती थोड्याफार फरकाने आढळते.

आमचा आक्षेप या शेवटच्या भागाला आहे. उन्हात पूड करडी होते, हे खरे. पण घरच्या डार्करूममध्ये तयार होणारा काळा-पांढरा, चकचकीत फोटो या अभिक्रियेने होत नाही. त्यातला काळा रंग वेगळ्याच अभिक्रियेतून येतो आणि ती अभिक्रिया अपघटनाच्या सदरात बसतच नाही.

चार पट्ट्यांचा प्रयोग

हे म्हणणे कोणी आमच्या शब्दावर मानू नये. रे रोड स्टेशनच्या परिसरात राहणाऱ्या एका शिक्षक स्नेह्यांच्या खोलीत काही शिक्षक आणि अकरावीचे विद्यार्थी यांच्यासह आम्ही एक साधा प्रयोग केला. डार्करूम म्हणजे घरातली मोरीच. झरोक्याला काळा कागद चिकटवला, दाराच्या फटीत सतरंजी कोंबली, फळीवर एनलार्जर ठेवला आणि खाली तीन ट्रे मांडले. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात साधे पाणी, तिसऱ्यात हायपो. वर लाल दिवा. हार्बर मार्गावरची गाडी गेली किंवा बंदराकडे जाणारा अवजड ट्रक गेला, की एनलार्जरचा खांब थरथरतो आणि कागदावरचे चित्र हलते. म्हणून गाडी पुढे गेल्यावरच दिव्याचे बटण दाबायचे, असा नियम करावा लागला.

ब्रोमाइड पेपरच्या एकाच पानातून चार पट्ट्या कापल्या. पहिली पट्टी किल्ली ठेवून पंधरा मिनिटे उन्हात ठेवली. ती जांभळट करडी झाली आणि किल्लीच्या जागी फिकट आकृती राहिली. पाठ्यपुस्तकातला प्रयोग तो हाच. ही पट्टी हायपोत टाकताच रंग उतरला आणि फिकट पिवळट तपकिरी छटा तेवढी उरली. काळा रंग कोठेच नव्हता.

दुसऱ्या पट्टीवर एनलार्जरमधून निगेटिव्हचे चित्र दहा सेकंद पाडले. पट्टी कोरी दिसत होती. ती तशीच हायपोत टाकली आणि मग बाहेर उजेडात नेली. ती कोरीच राहिली.

तिसऱ्या पट्टीवर तेच चित्र, तितकाच वेळ पाडले. तीही कोरी दिसत होती. मात्र ती डेव्हलपरमध्ये टाकताच वीस-पंचवीस सेकंदांत डोळे, केस, शर्टाची कॉलर असे एकेक दिसू लागले आणि दीड-दोन मिनिटांत चित्र पूर्ण झाले. हायपोत टाकल्यावर ते उतरले नाही.

चौथ्या पट्टीवर प्रकाश पाडलाच नाही. ती सरळ डेव्हलपरमध्ये टाकली. दोन मिनिटांनीही ती पांढरी होती.

दुसरी आणि तिसरी पट्टी शेजारी ठेवून पाहिल्या, की पाठ्यपुस्तकाच्या वाक्यात काय कमी आहे ते कळते. दोन्ही पट्ट्यांना प्रकाश सारखाच मिळाला. एकीवर चित्र आहे, दुसरीवर नाही. तेव्हा चित्रातली चांदी एकट्या प्रकाशाने तयार केली, असे म्हणता येत नाही.

प्रकाशाने मग केले काय?

भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. पंधरा मिनिटांत, म्हणजे ९०० सेकंदांत, पहिल्या पट्टीला ९ कोटी लक्स-सेकंद प्रकाश मिळाला. एनलार्जरखाली ब्रोमाइड पेपरला मिळतात ते जेमतेम काही लक्स-सेकंद. फरक कोट्यवधी पटींचा आहे. इतक्या अल्प प्रकाशात डोळ्याला दिसेल एवढी चांदी सुटी होणे शक्यच नाही.

ब्रोमाइड पेपरवरच्या जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाशकण स्फटिकात शोषला गेला, की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो. तो स्फटिकातल्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो आणि तिथे चांदीचा एक आयन त्याच्याकडे ओढला जाऊन अणू बनतो. असे तीन-चार अणू एका जागी जमले, की त्या स्फटिकावर खूण झाली. हिलाच सुप्त प्रतिमा म्हणतात. गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली या यंत्रणेची मांडणी केली. तिच्या तपशिलांत पुढे सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे.

आता थोडे गणित करू. ०.५ मायक्रॉन बाजूचा घनाकार स्फटिक घ्या. सिल्व्हर ब्रोमाइडची घनता ६.४७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आणि रेणुभार सुमारे १८८ धरला, तर त्या स्फटिकात चांदीचे सुमारे २६० कोटी आयन असतात. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य करून पाहावे. प्रकाशाने त्यातले चार अणू तयार केले. बाकीच्या सगळ्यांची चांदी डेव्हलपर करतो. म्हणजे प्रकाशाचे काम सुमारे ६५ कोटी पटींनी वाढवले जाते. रसायनशास्त्रात इतक्या मोठ्या वर्धनाची उदाहरणे विरळाच.

डेव्हलपरमध्ये मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही क्षपणकारके असतात. ती चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात आणि स्वतः ऑक्सिडीकृत होतात. सोडियम कार्बोनेटमुळे द्रावण अल्कधर्मी राहते, कारण आम्लात हायड्रोक्विनोन काम करत नाही. सोडियम सल्फाइट डेव्हलपरला हवेने खराब होण्यापासून वाचवते. चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइडही असते. ब्रोमाइड आयन वाढले, की सिल्व्हर ब्रोमाइड विरघळणे मंदावते आणि प्रकाश न लागलेले स्फटिक पांढरे राहायला मदत होते. समआयन परिणाम शिकवताना याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

या सगळ्यात ब्रोमीन वायू कोठेही तयार होत नाही. स्फटिकातले ब्रोमीन आयनाच्या रूपातच द्रावणात जाते. म्हणजे ही ऑक्सिडीकरण-क्षपण अभिक्रिया आहे. पाठ्यपुस्तकात हा विषयही त्याच धड्यात पुढे येतो. तरीही छायाचित्रणाचे उदाहरण अपघटनाखाली टाकले आहे.

चौथी पट्टी पांढरी का राहिली, हा प्रश्न आणखी खोलात नेतो. डेव्हलपर प्रकाश न लागलेल्या स्फटिकाचेही क्षपण करू शकतो. चौथी पट्टी उकाड्याच्या दिवसात पंधरा-वीस मिनिटे डेव्हलपरमध्येच ठेवली, तर तीही करडी होऊ लागते. फरक वेगाचा आहे. चांदीची खूण असलेल्या स्फटिकात ती खूण उत्प्रेरकाचे काम करते आणि अभिक्रिया झपाट्याने होते. खूण नसलेल्या स्फटिकात ती फार हळू चालते. आपण त्या दोन वेगांच्या मधल्या वेळेत कागद बाहेर काढतो. अभिक्रिया होऊ शकते की नाही हा एक प्रश्न आणि ती किती वेगाने होते हा दुसरा, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

वाक्य कोणत्या काळचे?

मग पाठ्यपुस्तकातले वाक्य निराधार आहे का? तसेही नाही. ते जुन्या काळाचे आहे. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता; नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. पुढच्याच वर्षाच्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. रे रोडपासून फार दूर नसलेल्या राणीच्या बागेतील संग्रहालयाला १९७५ साली नाव दिले गेले, ते याच भाऊ दाजींचे.

त्या काळी प्रिंट काढण्याची पद्धत अशी : कागदाला मिठाचा किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा आणि मिठाचा थर द्यायचा, त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावायचे, निगेटिव्ह वर दाबून चौकट उन्हात ठेवायची आणि चित्र पुरेसे गडद झाले की काढून हायपोत टाकायचे. इथे डेव्हलपर नाही. चित्र खरोखरच उन्हाने केलेल्या अपघटनातून उमटत असे. पाठ्यपुस्तकातले वाक्य या प्रिंटना चोख लागू पडते. गंमत अशी, की ते प्रिंट कृष्णधवल नसत! त्यांचा रंग तांबूस, तपकिरी, जांभळट असा असे.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची पद्धत मांडली आणि १८८० च्या दशकात डेव्हलपरने चित्र उमटणारा ब्रोमाइड पेपर बाजारात रुळला. प्रिंट सूर्यावर अवलंबून राहिला नाही. तो रात्री, दिव्याच्या प्रकाशात निघू लागला. गिरगावात स्टुडिओ असलेले नारायण विनायक विरकर यांनी १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेतील गोळ्यांच्या खुणांची छायाचित्रे काढली, ती याच नव्या काळात. कॅमेऱ्यातल्या प्लेटवर डोळ्याला काहीही दिसत नाही, तरी तिथे चित्र आहे, या भरवशावर असे काम चालते. तो भरवसा सुप्त प्रतिमेचा आहे. पाठ्यपुस्तकात तिचा उल्लेखही नाही.

काळा रंग आणि चकाकी

चांदी तर चमकदार पांढरी असते. मग प्रिंटमध्ये ती काळी का? हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि पाठ्यपुस्तकाजवळ त्याचे उत्तर नाही. डेव्हलपरमध्ये चांदीचा गोळा होत नाही. तिचे अतिसूक्ष्म तंतू निघतात आणि लोकरीच्या गुंत्यासारखे अडकतात. त्या गुंत्यात शिरलेला प्रकाश बाहेर येत नाही, म्हणून तो काळा दिसतो. उन्हाने सुटी झालेली चांदी फार बारीक कणांची असते. तिचा रंग जांभळट किंवा तपकिरी येतो. म्हणजे पट्टीचा नुसता रंग पाहूनही चांदी कोणी केली ते सांगता येते.

चकचकीत प्रिंटचा काळा रंग अधिक गडद दिसतो, त्यात मात्र रसायनशास्त्र नाही, प्रकाशाचे परावर्तन आहे. जिलेटिनचा अपवर्तनांक सुमारे १.५. त्याच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश आत न शिरताच परत फिरतो. पृष्ठभाग खरबरीत असेल, तर हा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांत येऊन काळ्यावर राखाडी पडदा धरतो. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल, तर तो एकाच दिशेने जातो. प्रिंट जरा तिरका धरला की काम झाले. मॅट प्रिंटमधला सर्वांत गडद भाग साधारण अडीच टक्के प्रकाश परत पाठवतो, तर ग्लॉसीमधला एक टक्क्याहूनही कमी. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत ब्लॉक करण्यासाठी ग्लॉसी प्रिंटच मागत, त्याचे एक कारण हे.

जुन्या कागदी बैठकीच्या ब्रोमाइड पेपरला ही चकाकी आपोआप येत नसे. धुतलेला ओला प्रिंट क्रोमचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर किंवा स्वच्छ काचेवर उपडा घालून रबरी रोलरने दाबावा लागे. वाळताना जिलेटिन त्या पृष्ठभागाची नक्कल करते आणि पूर्ण वाळले की प्रिंट कडकड आवाज करत सुटतो. मुंबईच्या पावसाळ्यात हे वाळणे सगळीकडे सारखे होत नाही. मग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या वळ्या उमटतात. उन्हाळ्यातली अडचण निराळी. डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला वापरा, असे पुस्तके सांगतात. इथे नळाचेच पाणी २८-३० अंशांचे. जिलेटिन फुगते, मऊ पडते, बोट लागले तरी ओरखडा उठतो. म्हणून ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि हायपोत फिटकरी घालायची. फिटकरीतले ॲल्युमिनियमचे आयन जिलेटिनला घट्ट करतात.

छंदाच्या पुस्तकांनाही इथे दोष द्यावा लागेल. पाठ्यपुस्तक कारण सांगते, पण चुकीच्या गोष्टीचे. छंदाची पुस्तके गोष्ट बरोबर सांगतात, पण कारण सांगत नाहीत. दोन मिनिटे ठेवा, हलवत राहा, लाल दिवा लावा. लालच का? सिल्व्हर ब्रोमाइडमध्ये इलेक्ट्रॉन सुटा करायला सुमारे २.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ती निळ्या प्रकाशाच्या कणात असते. लाल प्रकाशाच्या कणात सुमारे दोनच. प्रकाश किती आहे यापेक्षा तो कोणता आहे याला इथे महत्त्व आहे. बाजारातला झिरोचा लाल दिवा भरवशाचा नसतो. पेपरच्या तुकड्यावर नाणे ठेवून पाच मिनिटे त्या दिव्याखाली ठेवा आणि डेव्हलप करा. नाण्याची वर्तुळाकार खूण उमटली, तर दिवा बदला.

बिघडते कोठे?

एवढ्याशा वाक्यावर इतका काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. दहावीच्या मुलांना सुप्त प्रतिमा आणि उत्प्रेरण कसे सांगणार? पुस्तकाची पाने मोजकी, वेळ मोजका. शिवाय आता फोटो मोबाइलवर निघतात. डार्करूम उरली कुठे?

हे आक्षेप आम्हांला मान्य नाहीत असे नाही. परंतु आमच्या प्रयोगाला आलेल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तिच्या शाळेतल्या चाचणीत कृष्णधवल छायाचित्रण कोणत्या प्रकारच्या अभिक्रियेवर आधारलेले आहे, असा प्रश्न आला होता. तिच्या आजोबांचा फोटोचा व्यवसाय होता. डेव्हलपरशिवाय चित्र येत नाही, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. तिने उत्तर लिहिले : क्षपण. उत्तरावर फुली आली, कारण उत्तरसूचीत अपघटन होते. पुढच्या परीक्षेत तिने अपघटन लिहिले आणि गुण मिळवला. या व्यवहारात ती काय शिकली? जे डोळ्यांनी पाहिले ते सोडावे आणि जे छापलेले आहे ते लिहावे, हेच ना? विज्ञानाच्या तासाला याहून मोठे नुकसान कोणते असू शकते? तपासणाऱ्या शिक्षकांनाही आम्ही बोल लावत नाही. त्यांच्या हातात पुस्तकच तसे होते.

पानांची अडचणही नाही. दोन वाक्यांत हे बसते. सूर्यप्रकाशाने सिल्व्हर क्लोराइडचे अपघटन होते आणि सुरुवातीच्या काळातील प्रिंट याच अभिक्रियेने काढले जात. नंतरच्या कृष्णधवल फोटोत प्रकाश स्फटिकांवर केवळ खूण करतो आणि त्या खुणेच्या आधारे डेव्हलपर क्षपणाने चांदी तयार करतो. दहावीच्या विद्यार्थ्याला यातला एकही शब्द अवघड नाही.

खर्चाचाही हिशेब पाहा. २ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइडमध्ये दीड ग्रॅम चांदी असते. एक चौरस मीटर ब्रोमाइड पेपरवर चांदी असते तीही साधारण तेवढीच. म्हणजे बशीत करड्या होणाऱ्या पुडीच्या चांदीत आठ बाय दहा इंचांची एकोणीस-वीस पाने होतात आणि प्रत्येक पानातून अनेक पट्ट्या. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ पेपर आता मिळत नाही. तरी बंद पडलेल्या स्टुडिओंतून जुन्या पेपरची पाकिटे मिळू शकतात. मुदत उलटलेला पेपर फोटोसाठी बाद असला, तरी चार पट्ट्यांच्या प्रयोगासाठी तो बहुधा पुरतो. एनलार्जर नसेल, तर पेपरवर किल्ली ठेवून टॉर्च क्षणभर लावला तरी चालते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून चिमटे वापरावेत. स्वयंपाकाची भांडी घेऊ नयेत. मोरीचे दार अधूनमधून उघडून हवा खेळती ठेवावी. आणि वापरलेला हायपो मोरीत ओतू नये. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक ठरते. तो बाटलीत साठवून त्यात लोखंडाचा कीस टाकावा. लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. ही विस्थापन अभिक्रिया. तीही त्याच धड्यातली. भंगारवाले जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेत, ते याच चांदीसाठी.

शिक्षकांना आमची सूचना एवढीच आहे. हा धडा शिकवताना ते वाक्य वाचून दाखवा, मग दुसरी आणि तिसरी पट्टी वर्गात फिरवा आणि विचारा : दोघींना प्रकाश सारखाच मिळाला, मग चांदी कोणी केली? उत्तर मुलांना काढू द्या. आणि परीक्षेत कोणी क्षपण असे कारणासह लिहिले, तर उत्तरसूची बाजूला ठेवून त्याला पूर्ण गुण द्या.